मुरलेले चीज आणि बेल्जियन एल : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात बेल्जियममधील तीव्र एलविषयी एक छोटे टिपण आले होते. एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर. या एल थोड्या प्रमाणात, फार थंड न करता, संथपणे आणि तासभर आधी बाहेर काढलेल्या मुरलेल्या चीजबरोबर चाखाव्यात, एवढेच त्यात सुचवले होते. त्यावर खान्देशातून अनेक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : बिअरबरोबर आमच्याकडे शेंगदाणे, शेव किंवा तळलेले काहीतरी असते. चीजच का? आणि चीज घ्यायचेच असेल, तर आपल्याकडे सहज मिळणारी स्ट्राँग बिअर का चालू नये? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले, तर पहिल्याचे उत्तर सोपे होईल. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून विकली जाणारी बिअर बहुधा लागर प्रकारची असते. ती थंड तापमानात आंबवली जाते, तिच्यातील यीस्ट चवीच्या बाबतीत शक्य तितके मागे राहते, आणि तांदूळ, मका किंवा साखर यांच्या आधारे तिचे अल्कोहोल सात-आठ टक्क्यांपर्यंत नेलेले असते. जिभेला त्यातून कडवटपणा आणि थोडी जळजळ मिळते. चीजच्या खारटपणाला आणि स्निग्धतेला उत्तर देईल अशी चव तिच्यात फारशी नसते.

बेल्जियन तीव्र एलची घडणच वेगळी आहे. ती अधिक उबदार तापमानात, अनेकदा 20 अंश सेल्सिअसच्या वर आंबते, आणि त्या उबेत यीस्ट फळांसारखे आणि मसाल्यांसारखे गंध मोठ्या प्रमाणात निर्माण करते. साखर तिथेही घालतात, पण तिचा हेतू निराळा असतो. साखर पूर्णपणे आंबून जाते, म्हणून अल्कोहोल वाढते तरी द्रव जड आणि चिकट होत नाही. ट्रिपेलसारखी फिकट सोनेरी एल 9.5 टक्क्यांची असूनही कोरडी आणि हलकी वाटते, ती यामुळेच. गडद एलमध्ये हीच साखर आधी तापवून काळपट केलेली असते आणि तिच्यातून मनुका, अंजीर, जळक्या साखरेची छटा येते. शेवटी बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून एल पुन्हा एकदा आंबवली जाते. त्यातून जो वायू तयार होतो, तो बारीक, भरपूर आणि टिकाऊ फेस देतो.

आता चीजकडे वळू. चीजचा तुकडा चावला की त्यातील स्निग्ध पदार्थाचा थर जिभेवर आणि टाळूवर बसतो, आणि पुढचे दोन-तीन घास तितके स्पष्ट लागत नाहीत. फेसाळ एलचा घोट तो थर उचलतो, हॉप या बिअरमध्ये घालायच्या फुलांचा कडवटपणा त्याला कापतो, आणि तोंड पुढच्या घासासाठी पुन्हा तयार होते. खापराच्या पुरणपोळीवर तुपाची धार घेतल्यानंतर रशीचा घोट जे काम करतो, तेच काम इथे फेस करतो. दुसरीकडे माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील, गोडसर, भाजलेल्या धान्याची चव चीजच्या खारटपणाला सौम्य करते, आणि मुरलेल्या चीजमध्ये स्वतःची जी खमंग, कॅरॅमलसारखी चव असते, तिला जोड मिळते. रेड वाइनमधील टॅनिन (तुरट घटक) मऊ, स्निग्ध चीजबरोबर पुष्कळदा कडसर किंवा धातूसारखे लागते. एलमध्ये ती अडचण फारशी येत नाही. माझ्या मते चीजसाठी वाइनपेक्षा एल अधिक विश्वासाची सोबतीण आहे, आणि हे मी कुणाला खूश करण्यासाठी म्हणत नाही.

ही जोडी हॉटेलवाल्यांनी अलीकडे शोधून काढलेली नाही. शिमे या गावाजवळील स्कूरमों मठातील ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी 1862 मध्ये बिअर करायला सुरुवात केली आणि 1876 पासून ते चीजही करू लागले. आजही त्यांच्या एका चीजचे कवच त्यांच्याच बिअरने धुतले जाते. ओरव्हालच्या मठात चीज 1928 मध्ये आणि बिअर 1931 मध्ये सुरू झाली. श्रम करून स्वतःचा निर्वाह चालवावा, हा या साधूंचा नियम असल्यामुळे दूध आणि धान्य या दोन्हींवर त्यांनी काम केले. तीव्र एलला पुढे जोर मिळण्याचे आणखी एक कारण म्हणजे 1919 चा बेल्जियमचा कायदा. त्याने पानगृहांतून जिनसारखी कडक दारू विकण्यावर बंदी आणली, आणि ज्यांना काहीतरी जोरदार हवे होते ते तीव्र बिअरकडे वळले. तिथल्या पानगृहांत आजही चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलरीचे मीठ असा साधा चखणा समोर येतो. म्हणजे आपल्या शेव-शेंगदाण्यांच्या जागी तिथे चीजच आहे.

प्रश्न : मागील टिपणात "एल फार थंड नको, चीज तासभर आधी बाहेर काढून ठेवा" असे म्हटले होते. भुसावळच्या उन्हाळ्यात हे कसे जमायचे? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. युरोपातील पुस्तकांत आणि बाटल्यांच्या वेष्टनांवर दिलेल्या सूचना तिथल्या घरांच्या हवामानाला धरून असतात. तिथे "खोलीचे तापमान" म्हणजे 18 ते 20 अंश. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्या घरात हा शब्द आंधळेपणाने पाळला तर चीज घाम गाळू लागेल आणि एल कोमट होईल. दुधातील स्निग्ध पदार्थ साधारण 30 ते 37 अंशांच्या दरम्यान वितळून जातो, म्हणून तेल सुटलेले चीज ही चूक ठेवणाऱ्याची असते, चीजची नसते.

तरीही मूळ सूचना खरी आहे, आणि तिच्यावर मी जोर देतो, कारण आपल्याकडे या एलचा सर्वांत मोठा घात ब्रँडच्या निवडीने होत नाही, तो थंडाव्याने होतो. बर्फासारख्या गार द्रवात गंध वर येतच नाही. जीभ सुन्न होते, फक्त कडवटपणा आणि वायू उरतो, आणि मग माणूस म्हणतो की एवढे पैसे देऊन घेतले तरी यात काय आहे. सोनेरी तीव्र एल आणि ट्रिपेल 8 ते 12 अंशांना, डुबेल ही तपकिरी, मध्यम तीव्रतेची एल 10 ते 14 अंशांना आणि सर्वांत गडद, सर्वांत तीव्र एल 12 ते 16 अंशांना खुलते. घरगुती फ्रिजचे तापमान 4 ते 6 अंश असते. म्हणजे बाटली फ्रिजमधून काढल्यावर तिला थोडा वेळ द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. खान्देशच्या उन्हाळ्यात 330 मिलीलिटरच्या बाटलीला ट्रिपेलसाठी दहा-बारा मिनिटे आणि गडद एलसाठी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. हिवाळ्यात याच्या दुप्पट वेळ लागतो. चीजचे तुकडे आधी कापून झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे आधीच बाहेर काढावेत. ग्लासात एका वेळी थोडेच ओतावे, म्हणजे सारी एल एकदम तापत नाही, आणि प्रत्येक ओतणीत एल थोडी उबदार होत असताना तिच्यातील गंध कसे बदलतात, हेही कळते.

मात्र माझा स्पष्ट सल्ला असा की ही बैठक उन्हाळ्यात ठरवूच नये. खान्देशाला जसा कडक उन्हाळा आहे तसाच खरा हिवाळाही आहे. जळगाव-धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पुष्कळदा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, आणि त्या हवेत दहा टक्क्यांची गडद एल व मुरलेले चीज यांना कुठल्याही युक्तीची गरज उरत नाही. पौषातील थंडी हा या जोडीचा हंगाम समजावा.

एक सूचना खरेदीची. या एल बाटलीतच आंबत असल्या तरी उष्णतेपासून सुरक्षित नसतात. दुकानाच्या माळ्यावर उन्हाळाभर पडून राहिलेल्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उतरते, ताज्या फळाचा गंध जातो, आणि प्रकाशात ठेवलेली बाटली त्याहून लवकर बिघडते. म्हणून वेष्टनावरील तारीख पाहावी, थंड कपाटातून काढून दिलेली बाटली घ्यावी आणि घरी ती उभी, अंधारात ठेवावी.

प्रश्न : आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. परदेशी चीजमध्ये वासराच्या पोटातील काहीतरी असते, हे खरे आहे का? आणि कोणती एल कोणत्या चीजबरोबर घ्यावी, हे एकदा नीट सांगावे. (एक वाचक, धुळे)

उत्तर : खरे आहे. दूध गोठवण्यासाठी लागणारे रेनेट हे परंपरेने वासराच्या जठरातून काढले जाते, आणि रोकफोर, ग्रुयेर, पार्मिजानो रेज्जानो यांसारख्या युरोपातील काही प्रसिद्ध चीजमध्ये आजही तेच वापरतात. भारतात बनणारे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटवर होते आणि त्याच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असते. तेवढी खूण पाहिली की पुरे. भारतात बनलेले गौडा, चेडार, एमेंताल, ब्री आणि ब्लू चीज आता पुण्या-मुंबईतून आणि मागवूनही मिळते.

जोड्यांविषयी एकच कसोटी मी मानतो. एक घास आणि एक घोट एकत्र घेतल्यावर दोघांची चव ओळखू आली पाहिजे. एकाने दुसऱ्याला झाकले, तर ती जोडी जमलेली नाही. म्हणून प्रथम दोघांची तीव्रता जुळवावी आणि मग गोड-खारट-कडू यांचा विचार करावा.

डूव्हेलसारख्या 8.5 टक्क्यांच्या सोनेरी एलचा फेस प्रचंड असतो, आणि तो ब्रीसारख्या मऊ, सायीसारख्या चीजला सर्वांत चांगला साथ देतो. वेस्टमाले ट्रिपेलबरोबर वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरलेले गौडा घ्यावे. अशा गौडात दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण असतात. ते मीठ नसून मुरताना सुटलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत, आणि जुन्या गौडाची ती ओळख समजावी. ट्रिपेलचा कोरडेपणा आणि तिच्यातील मधाची, संत्र्याच्या सालीची छटा त्या खमंग गोडव्याला सावरते. डुबेल, जिची तीव्रता सात टक्क्यांच्या आसपास असते, ती कोवळ्या गौडाबरोबर, धुरावलेल्या चीजबरोबर किंवा धुतलेल्या कवचाच्या चीजबरोबर द्यावी. धुतलेल्या कवचाच्या चीजचा वास उग्र असतो, पण आतील गर बहुधा सौम्यच असतो. वासावरून त्याला नाकारू नये.

राहिली गडद, अतितीव्र एल : शिमेची निळ्या झाकणाची 9 टक्क्यांची, रोशफोर 10 ही 11.3 टक्क्यांची, वेस्टफ्लेटेरेन 12 ही 10.2 टक्क्यांची. यांच्यासमोर ब्लू चीजच उभे राहू शकते. ब्लू चीजचा तिखटसर, अतिखारट झणका आणि या एलमधील मनुका-खजुराचा गोडवा हे दोन टोकांचे पदार्थ आहेत, आणि तरीही ते एकत्र आल्यावर खारटपणा मऊ होतो, गोडवा उथळ राहत नाही. या साऱ्या जोड्यांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. ज्यांना ब्लू चीज नकोसे वाटले असेल, त्यांनीही वाटाण्याएवढा तुकडा घेऊन, त्यावर लगेच गडद एलचा घोट घेऊन, पुन्हा एकदा निर्णय द्यावा.

पनीर मात्र येथे टिकत नाही. ते ताजे, न मुरलेले आणि जवळजवळ बिनमिठाचे असते, त्यामुळे नऊ टक्क्यांच्या एलपुढे त्याची चव पुसली जाते. डब्यातील प्रक्रिया केलेले चीज खारट आणि एकसुरी असले तरी फेस तोंडातील स्निग्धता कशी धुतो, हे समजून घेण्यापुरते ते चालेल.

प्रश्न : नातेवाइकांनी आणलेल्या बेल्जियन बाटलीला पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. आम्ही केळीचे बागायतदार, त्यामुळे हा वास चटकन ओळखला. बाटली खराब झाली होती का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : बाटली उत्तम होती, आणि आपले नाकही. पिकलेल्या केळ्याला जो वास असतो, त्याचा मोठा वाटा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या संयुगाचा आहे, आणि हेच संयुग बेल्जियन यीस्ट आंबताना स्वतः तयार करते. एलमध्ये केळी कुणी घालत नाही. आंबवण जितके उबदार, तितका हा गंध साधारणपणे वाढतो, म्हणून थंडीत आंबलेल्या लागरमध्ये तो जवळजवळ आढळत नाही. त्याच्या जोडीला अनेकदा लवंगेसारखा वास येतो. तोही यीस्टचाच, माल्टमधील फेरुलिक आम्लापासून केलेला असतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या भागातील माणसे केळ्याच्या पक्वतेचे टप्पे वासावरून सांगू शकतात, त्यांना ट्रिपेलचा गंध वाचणे शहरातील रसिकांपेक्षा सोपे जावे, असे मला मनापासून वाटते. अशा एलबरोबर एमेंताल किंवा मुरलेले गौडा यांसारखे बदामी चवीचे चीज द्यावे. प्रत्यक्ष केळी मात्र ताटात ठेवू नये, कारण गोड फळ खाल्ल्यावर कोरडी ट्रिपेल उगीच कडू आणि आंबट लागते.

प्रश्न : चौघा मित्रांना पहिली बैठक करायची आहे. किती बाटल्या आणाव्यात, कुठून सुरुवात करावी, कोणता ग्लास लागतो? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी हिशेब लक्षात घ्यावा. 330 मिलीलिटरच्या नऊ टक्के एलमध्ये सुमारे 30 मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल असते, आणि 650 मिलीलिटरच्या पाच टक्के बिअरच्या मोठ्या बाटलीत सुमारे 32 मिलीलिटर. म्हणजे ही छोटी बाटली आपल्या ओळखीच्या मोठ्या बाटलीच्या बरोबरीची आहे. चौघांसाठी प्रत्येक प्रकारची एकच बाटली आणावी, तीन प्रकार पुरेत. प्रत्येकाच्या वाट्याला दर वेळी 80 मिलीलिटर येईल आणि चव घेण्यासाठी तेवढेच लागते. जेवण आधी थोडे झालेले असावे, पाणी हाताशी असावे, आणि नंतर कुणी गाडी चालवू नये.

क्रम फिकटाकडून गडदाकडे आणि सौम्य चीजकडून ब्लू चीजकडे ठेवावा. ब्लू चीज एकदा तोंडात गेले की मागे फिरता येत नाही. पोटाशी रुंद आणि तोंडाशी किंचित आवळलेला ग्लास चांगला. घरी वाइनचा ग्लास असेल तर तो चालतो, स्टीलचा पेला नको. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून एकाच ओतणीत, ग्लास तिरपा धरून चौघांचे वाटे करावेत आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा. तो गाळ अपायकारक नसतो, पण त्याची पिठूळ चव चीजच्या आड येते. आधी एलचा एक घोट, मग चीज, आणि चीज तोंडात असतानाच पुन्हा एल, असा क्रम ठेवला तर जोडी जमली की नाही ते लगेच कळते.

प्रश्न : शेवभाजी किंवा भरिताबरोबर या एल चालतील का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : शेवभाजीबरोबर नाही. अल्कोहोल आणि वायू दोन्ही मिरचीची आग वाढवतात, आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शापुढे एलमधील नाजूक गंध हरवून जातात. त्या भाजीला भाकरी, कांदा आणि पाणी हेच खरे सोबती आहेत.

भरिताचे तसे नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराची जी खोल चव येते, ती डुबेलच्या भाजलेल्या माल्टशी जुळते. वर शेंगदाणे आणि कांद्याची पात असतेच. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होते तेव्हा हिरवी मिरची नेहमीच्या निम्म्याने घातलेला थोडासा घाणा वेगळा काढावा, त्याबरोबर कळण्याची भाकरी, धुरावलेल्या चीजचे तुकडे आणि डुबेल असा बेत करून पाहावा. वांग्याची आणि चीजची धुराची चव एकमेकांना कशी वाढवते, हे तिथे स्पष्ट कळेल.

प्रश्न : आम्ही सीमेवर राहतो. सुरतच्या नातेवाइकांकडे एखादी बाटली नेता येईल का? (एक वाचक, नवापूर)

उत्तर : नेऊ नये. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि आपल्या नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत असला, तरी कायदा फलाटावर सैल होत नाही. महाराष्ट्रातही मद्य बाळगण्यासाठी आणि सेवनासाठी परवाना लागतो. तो आधी काढून ठेवावा. सुरतेला चीज न्यावे.

प्रश्न : बैठकीनंतर उरलेले चीज आणि अर्धी बाटली कशी ठेवावी? (एक वाचक, शहादा)

उत्तर : उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी दुसऱ्या दिवशी तिचा फेस गेलेला असतो, आणि फेस गेला की चीजसाठी तिचा उपयोग संपला. तेव्हा मोठी 750 मिलीलिटरची बाटली माणसे पुरेशी असतील तेव्हाच उघडावी. चीज प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, त्याला ओलावा सुटतो आणि कडवट वास लागतो. ते बटर पेपरमध्ये गुंडाळून, सैल झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. ब्लू चीजचा डबा वेगळा ठेवावा, कारण त्याची बुरशी शेजारच्या चीजवर सहज चढते. कडक, मुरलेल्या गौडावर बुरशीचा ठिपका दिसला तर भोवतीचा बोटभर भाग कापून बाकीचे खाता येते. ब्रीसारख्या मऊ चीजवर परकी बुरशी आली, तर तो तुकडा टाकून द्यावा.